सूर्या बोनाली : ती एक उडी सोडून बाकीच्या करिअरबद्दल बोलूया का?

घसरगुंडी:
परवा रात्री झोप येईना म्हणून फिगर स्केटिंगच्या जुन्या क्लिपा बघत बसले आणि एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी करत सूर्या बोनालीपाशी आले ती पहाटेपर्यंत हललेच नाही. तिची ती नागानोची क्लिप सगळ्यांनीच बघितली असेल, १९९८ चं ऑलिंपिक, निळा ड्रेस, मधेच हवेत उलटी कोलांटी म्हणजे बॅकफ्लिप मारते आणि चक्क एका पायावर उतरते. खाली कायम तीच ओळ, जजेसच्या थोबाडीत मारली वगैरे. मला त्या वीस सेकंदांचा कंटाळा आलाय खरं सांगायचं तर. कारण त्याच्याआधी बाईची दहा वर्षांची करिअर आहे, १९९१ ते ९५ सलग पाच वेळा युरोपियन चॅम्पियन, १९८९ ते ९७ सलग नऊ वेळा फ्रान्सची चॅम्पियन, आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपला ९३, ९४, ९५ लागोपाठ तीन रौप्यपदकं, तिन्ही वेळा वेगळ्याच मुलीकडून हरली. एकदा ओक्साना बायुल, एकदा युका सातो, एकदा चेन लू. आणि ऑलिंपिकचं एकही पदक नाही. पाचवी, चौथी, दहावी.

तर प्रश्न असा की तिच्यावर खरंच अन्याय झाला का? का ती उड्या सोडून बाकी गोष्टींत खरंच कमी पडायची? मला अजून ठरवता येत नाहीये. जाणकारांनी भर घालावी.

बोकोबा:
आधी मला सांगा फ्रेंच बाईचं नाव सूर्या कसं काय?

घसरगुंडी:
@बोकोबा, हाच प्रश्न मलाही पडला होता. तिला दत्तक घेतलेलं आहे. जन्म नीसचा, १५ डिसेंबर १९७३. आठ महिन्यांची असताना सुझान आणि जॉर्ज बोनाली या जोडप्याने घरी आणली, आई शाळेत पीटीची टीचर. त्यांनी हे संस्कृत नाव ठेवलं. आपल्याकडे सूर्या म्हटलं की मुलगाच डोळ्यासमोर येतो, तिकडे ते मुलीचं नाव झालं.

आणि गंमत पुढेच आहे. तिच्या सुरुवातीच्या कोचने, दिदिए गायागे नाव त्याचं, पत्रकारांना सांगून टाकलेलं की ही रियुनियन बेटावर जन्मली, नारळ पडलेल्या किनाऱ्यावर सापडली. धडधडीत थाप. नंतर उघड झालं की पोरगी साधी नीसमध्ये जन्मलेली आहे. म्हणजे ती अजून काही जिंकायच्या आधीच तिची 'विदेशी चीज' म्हणून जाहिरात चालू झालेली, आणि ती करणारे तिचेच लोक.

मीपुणेरीनाही:
वाचतोय. छान धागा. पुढील लेखनास शुभेच्छा.

कडेलोट:
मी हौशी स्केटर आहे, वयाच्या पस्तिशीत शिकायला लागलो, आपटून आपटून का होईना पण एवढं कळलंय की बर्फावर उडी मारणं हा स्केटिंगचा एक भाग आहे, सगळा नाही. म्हणून थोडी उलटी बाजू मांडतो, चिडू नका.

स्केटच्या पात्याला खालून दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची, मधे पन्हाळीसारखी खाच. चांगला स्केटर कायम कुठल्यातरी एका कडेवर असतो, सपाट कधीच नाही. त्या कडेवर शरीर कलतं, गुडघा वाकतो आणि एकेका रेट्यात माणूस अर्धं रिंक ओलांडतो, आवाजही येत नाही. आता सूर्याचे ९२-९३ चे कार्यक्रम आवाज बंद करून बघा. ती धावते. अक्षरशः धावते. छोटी छोटी पावलं, भराभर क्रॉसओव्हर (पायावरून पाय टाकत वेग घेणं), मग उडी, परत धाव, परत उडी. ताकद अफाट, त्याबद्दल वादच नाही, पण दोन उड्यांच्या मधे जे असायला पाहिजे ते फार कमी.

त्याचं कारणही आहे, ती मुळात टंबलिंगवाली. म्हणजे जिम्नॅस्टिक्समध्ये तो लांब पट्टा असतो ना, धावत येऊन एकामागोमाग एक कोलांट्या, ते. ती त्यात जागतिक स्पर्धेपर्यंत गेलेली होती. त्यामुळे शरीर हवेत फिरवायचं कसं हे तिला कुणी शिकवायला नकोच होतं, पण बर्फावर सरकायचं कसं हे उशिरा आलं आणि पुरतं कधीच आलं नाही असं माझं मत. तिच्या बऱ्याच ट्रिपल (तीन चक्करांच्या) उड्या उतरताना अर्धी पाव चक्कर बर्फावरच पूर्ण व्हायची, तेव्हा स्लो मोशन बघून कापायची पद्धत नव्हती म्हणून चालून गेलं.

झणझणीत:
आलेच का जजेसचे वकील :) कडेलोट, तुमचं आयडी नाव मात्र आवडलं, विषयाला धरून आहे.

मला एक सांगा, बायुल पंधरा वर्षांची असताना ९३ ला प्रागमध्ये वर्ल्ड जिंकली, तिच्या कार्यक्रमात उड्या सूर्यापेक्षा सोप्या होत्या. मग खेळ म्हणायचं कशाला, नाच म्हणा आणि मोकळे व्हा. पुरुष जास्त फिरला की तो क्रांतिकारक, बाई जास्त फिरली की ती 'नाजूक नाही'. त्यात काळी बाई. हे 'नाजूक, डौलदार, राजकन्येसारखी' वगैरे शब्द कुठून येतात ते सगळ्यांना माहिती आहे, गोऱ्या बारीक मुली समोर ठेवूनच तो साचा तयार झालेला.

कडेलोट:
अहो मान्य आहे ना. साचा होताच. मी फक्त एवढंच म्हणतोय की दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. जज पूर्वग्रहाने बघत असतील आणि तरीही तिच्या कडा कच्च्या असतील. उलट मला तर वाटतं कडा कच्च्या होत्या म्हणून पूर्वग्रहाला लपायला चांगली जागा मिळाली.

आणि काळी स्केटर जिंकूच शकत नव्हती असंही नाही, डेबी थॉमस १९८६ ला वर्ल्ड चॅम्पियन झाली, १९८८ ला कॅल्गरीला ब्राँझ. हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू.

झणझणीत:
एक उदाहरण दिलं की झालं का? आजूबाजूच्या चाळीस वर्षांत दुसरं नाव सांगा बघू त्या तोडीचं. एकीला आत घेतलं म्हणजे दार उघडं होतं असं होत नाही.

कडेलोट:
हा मुद्दा बिनतोड आहे. गप्प बसतो.

आजोबा_ऑनलाईन:
मंडळी, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी गुण द्यायची ६.० ची जुनी पद्धत बघितलेली नसेल म्हणून लिहितो, कारण ती कळल्याशिवाय सूर्याचं चिबा प्रकरण कळणार नाही.

तेव्हा नऊ जज असायचे, प्रत्येक जण दोन आकडे द्यायचा, एक तांत्रिक आणि एक सादरीकरणाचा, प्रत्येकी जास्तीत जास्त ६.०. लोकांना वाटायचं या आकड्यांची बेरीज होऊन निकाल लागतो. तसं अजिबात नव्हतं. जजच्या दोन आकड्यांची बेरीज फक्त एवढ्यासाठी की त्या जजच्या मते कोण पहिली, कोण दुसरी, कोण तिसरी. मग नऊ जणांपैकी बहुमताने जी वरची तिचा नंबर वरचा. म्हणजे मुळात ते मतदानच होतं. एखाद्या जजने ०.१ चा फरक दिला काय आणि ०.५ चा दिला काय, मत एकच.

आता चिबा. मार्च १९९४, जपान. लिलेहामरचं ऑलिंपिक होऊन महिनाच झालेला, तिथल्या पहिल्या दोघी बायुल आणि केरिगन या वर्ल्डला आल्याच नाहीत. सूर्या लिलेहामरला चौथी होती, म्हणजे हे वर्ष तिचंच होतं म्हणा ना. समोर युका सातो, घरचं मैदान. दोघी छान खेळल्या. निकाल पाच विरुद्ध चार, सातो विजेती. नऊतल्या एका जजने मत फिरवलं असतं तर सूर्या जगज्जेती.

पदक द्यायची वेळ आली तर ही पोडियमवर चढेचना. बाजूला खाली जमिनीवरच उभी. अधिकाऱ्याने समजूत काढून वर चढवली, गळ्यात रौप्यपदक घातलं, आणि तिने ते लगेच काढून हातात धरलं. प्रेक्षक हुर्यो करत होते, ही रडत होती. आम्ही तेव्हा म्हटलं होतं काय उद्धट पोरगी आहे. आता इतक्या वर्षांनी परत बघितलं तर वीस वर्षांची पोर दिसते जिला कळत नाहीये की अजून काय करायचं राहिलं.

घसरगुंडी:
आजोबा, हे फार छान लिहिलंत. आणि मला हेच म्हणायचं होतं, नागानोच्या उडीपेक्षा चिबाचा हा प्रसंग जास्त महत्त्वाचा आहे. नागानोला तिच्याकडे गमावण्यासारखं काही नव्हतं. चिबाला सगळं होतं, पुढची चार वर्षं, पुढचे जज, महासंघ, सगळं. तिथे उभं न राहणं जास्त अवघड.

त्या सातोबद्दल मात्र मला वाईट वाटलं. तिच्या आयुष्यातला एकमेव वर्ल्ड जिंकल्याचा क्षण आणि सगळे कॅमेरे शेजारणीकडे.

तिरपांगडा:
सातोचं स्केटिंग बघा कुणीतरी. कडेलोट म्हणतात तो 'आवाज न येणारा' प्रकार बघायचा तर तीच. पाच-चार असो नाहीतर नऊ-शून्य, मी सातोलाच दिलं असतं.

झणझणीत:
झालं, सहावा जज आला.

खारीक:
अवांतर: सूर्याने बायकांमध्ये पहिली क्वाड म्हणजे चार चक्करांची उडी मारली असं एका ठिकाणी वाचलं. खरं आहे का?

कडेलोट:
@खारीक, प्रयत्न केले. १९९२ ला अल्बर्टविल ऑलिंपिकच्या फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या लांब कार्यक्रमात, क्वाड टो लूप (उडीचा एक प्रकार) टाकली होती पण चार चक्कर पूर्ण धरल्या नाहीत. अधिकृतपणे मान्य झालेली बायकांची पहिली क्वाड जपानच्या मिकी आंदोची, सॅल्कोव हा दुसरा प्रकार, २००२ च्या ज्युनियर ग्रां प्री फायनलमध्ये. म्हणजे दहा वर्षांनी. पुरुषांमध्ये कर्ट ब्राउनिंगची क्वाड १९८८ ला मान्य झाली, सूर्या चार वर्षांत तिथे हात घालत होती, मी कितीही कडांबद्दल कुरकुर केली तरी याला दंडवतच.

आणि विचार करा, स्वतःच्या देशात ऑलिंपिक, उद्घाटनाला सगळ्या खेळाडूंच्या वतीने शपथ घेतली तिने, ड्रेस ख्रिस्तियाँ लाक्रोआने डिझाइन केलेले, अठरा वर्षांची मुलगी, सगळ्या फ्रान्सची नजर तिच्यावर, आणि ती काय करते तर जगात कुठल्या बाईला न जमलेली उडी तिथेच मारून बघते. सुरक्षित खेळली असती तर पदक मिळालं असतं का, सांगता येत नाही, पण पाचवी आली त्यात त्या क्वाडचा वाटा असणारच.

बोकोबा:
शहाणपणा नव्हता म्हणायचा.

कडेलोट:
शहाणपणा नव्हताच. सरावाच्या वेळी सगळ्यांसमोर बॅकफ्लिपा मारायची ती, अल्बर्टविलला तर इतर मुली बर्फावर असताना मारली म्हणून अधिकाऱ्यांनी ताकीद दिली होती. दुसऱ्या मुलींच्या मनावर दडपण आणायला करते असं लोक बोलायचे. माझ्या मते ती मजा म्हणून करायची, टंबलिंगवाल्या मुलीला कोलांटी म्हणजे आपल्याला शिटी वाजवण्यासारखं.

सुतारपक्षी:
एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. 'फिगर' स्केटिंगमधल्या त्या फिगर्स म्हणजे बर्फावर आठ आकडे, वर्तुळं कोरायची, जज वाकून वाकून रेघा तपासायचे. तो सक्तीचा भाग आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून १९९० नंतर बंद झाला. सूर्या १९९१ ला पहिल्यांदा युरोप जिंकली. हा योगायोग नाही! फिगर्स असत्या तर ही कदाचित पहिल्या दहातही आली नसती. जपानच्या मिदोरी इतोचं १९८८ ला तेच झालेलं, कॅल्गरीला उड्यांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं पण फिगर्समध्ये मागे राहिली आणि पाचवी आली.

म्हणजे बघा कसं आहे, नियम बदलले म्हणून सूर्याला दार उघडलं, पण खुर्चीत बसलेले जज तेच, आयुष्यभर रेघा तपासत आलेले. त्यांचे डोळे कडांवरच जाणार. मला तर वाटतं तिची सगळी करिअर या दोन काळांच्या फटीत अडकली. दहा वर्षं आधी आली असती तर कुणी विचारलं नसतं, दहा-पंधरा वर्षं उशिरा आली असती तर एकेक उडीचे ठरलेले गुण मिळाले असते.

खारीक:
मग आजच्या पद्धतीत ती जिंकली असती ना?

सुतारपक्षी:
मी पण तसंच म्हणणार होते पण कडेलोट परत येऊन स्लो मोशन काढतील.

कडेलोट:
आलोच :) आजच्या पद्धतीत उडी पूर्ण फिरली का ते रिप्ले लावून बघतात आणि कमी पडली तर गुण कापतात. ९३ ची सूर्या जशीच्या तशी आज आणली तर कापाकापी होईल. पण आजच्या पद्धतीत वाढलेली सूर्या असती तर कोचने लहानपणीच त्या उड्या दुरुस्त करून घेतल्या असत्या, कारण तोटा कुठे होतोय ते कागदावर दिसलं असतं. जुन्या पद्धतीत तिला कागदावर काय दिसायचं? ५.७ आणि ५.५. यातून काय शिकणार कपाळ? 'तू आम्हाला पुरेशी आवडत नाहीस' एवढंच त्यातून कळतं. खरा अन्याय मला विचाराल तर तो आहे. हरवलं यात नाही, काय चुकलं ते सांगितलंच नाही यात.

झणझणीत:
कडेलोट, पहिल्यांदाच तुमच्याशी शंभर टक्के सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवते.

आजोबा_ऑनलाईन:
एक कडी जोडून देतो. ती जुनी ६.० पद्धत कशामुळे गेली? २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकच्या जोड्यांच्या स्पर्धेत लफडं झालं, फ्रेंच जजवर दबाव आणून मत फिरवलं असा आरोप, शेवटी रशियन आणि कॅनेडियन दोन्ही जोड्यांना सुवर्ण द्यावं लागलं. त्या प्रकरणात फ्रेंच महासंघाच्या अध्यक्षावर आणि त्या जजवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. तो अध्यक्ष कोण? दिदिए गायागे. नारळाच्या किनाऱ्याची गोष्ट सांगणारे तेच गृहस्थ.

बोकोबा:
आँ??

घसरगुंडी:
मला हे माहितीच नव्हतं. अंगावर काटा आला.

मीपुणेरीनाही:
आता खरी मजा आली धाग्याला.

सोनचाफा७:
उशिरा आले. नागानोबद्दल बोलायचं नाही असं शीर्षकात आहे तरी थोडं बोलते, कारण लोक एक गोष्ट विसरतात की ती तिथे जखमी होती. १९९६ ला तिच्या टाचेच्या वरची शीर, अकिलीस टेंडन, तुटली. उड्या हीच जिची सगळी ताकद तिची टाच जाणं म्हणजे गवयाचा गळा बसण्यासारखं. त्याच वर्षी जानेवारीत, म्हणजे दुखापतीच्या आधीच, युरोपियनमध्ये सोळा वर्षांच्या इरिना स्लुत्स्कायाने तिला हरवून सलग पाच वर्षांची साखळी तोडली होती. म्हणजे उतार लागलाच होता, टाचेने तो एकदम कडा करून टाकला. तरीही ९७ ला राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि ९८ ला चोविसाव्या वर्षी तिसऱ्या ऑलिंपिकला उभी राहिली.

शॉर्ट प्रोग्रॅम म्हणजे पहिल्या छोट्या कार्यक्रमानंतर सहावी होती. पदक मिळणार नाही हे उघड होतं. फ्री स्केटमध्ये पाय साथ देईना, ठरलेल्या उड्या होईनात, तेव्हा चालू कार्यक्रमात बॅकफ्लिप. या उडीवर बंदी होती, १९७६ ला टेरी कुबिका नावाच्या अमेरिकन मुलाने इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये ती मारली आणि लगेच नियमाने बंद केली. धोका हे एक कारण, आणि दुसरं असं सांगायचे की स्केटिंगची उडी एका पायावर उतरते, ही दोन पायांवर. सूर्या एका पायावर उतरली. म्हणजे तुमचं दुसरं कारण घ्या परत. मला त्यात राग कमी आणि युक्तिवाद जास्त दिसतो. व्हायची ती शिक्षा झालीच, गुण कापले, दहावी आली.

कडेलोट:
'तुमचं कारण घ्या परत', क्या बात.

तिरपांगडा:
पण एका पायावर उलटी कोलांटी म्हणजे किती अवघड याची कुणाला कल्पना आहे का? मी सपाट जमिनीवर चटईवर शिकायचा प्रयत्न केलेला तरुणपणी, दोन पायांवर, आणि मान आठवडाभर एका बाजूला.

सोनचाफा७:
तेही खालून पात्यावर, चार मिलिमीटर रुंद, आणि अधू टाच.

खारीक:
मग तिचं पुढे काय झालं? स्पर्धा सोडल्यावर?

घसरगुंडी:
व्यावसायिक शो करत राहिली, अमेरिकेत 'चॅम्पियन्स ऑन आइस'च्या दौऱ्यांमध्ये बरीच वर्षं होती आणि बॅकफ्लिप हाच तिचा हुकमी आयटम झाला. ज्या गोष्टीसाठी गुण कापले त्याच गोष्टीसाठी लोक तिकीट काढून यायचे. नंतर अमेरिकन नागरिकत्व घेतलं, लास व्हेगासला राहिली, मुलांना शिकवायला लागली. शाकाहारी आहे बरं का, आईवडिलांमुळे लहानपणापासूनच.

सुतारपक्षी:
आणि २०२४ मध्ये आयएसयूने, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने, बॅकफ्लिपवरची बंदी उठवली हे राहिलंच की! त्याच्या आधी जानेवारीत कौनासच्या युरोपियनमध्ये फ्रान्सच्याच अ‍ॅडम सियाओ हिम फाने मारली होती, दोन गुण कापून घेऊनही जिंकला. मग मार्चमध्ये माँट्रियलच्या वर्ल्डला शॉर्टमध्ये एकोणिसावा होता पोरगा, फ्रीमध्ये परत बॅकफ्लिप मारली, परत गुण कापून घेतले आणि वर चढत चढत ब्राँझ घेऊन गेला. आता अमेरिकेचा इलिया मालिनिन वगैरे बिनधास्त मारतात, टाळ्यांनी छप्पर उडतं.

झणझणीत:
बघा, फ्रेंच मुलगा, फ्रेंच मुलगी, तीच उडी. मधे सव्वीस वर्षं.

कडेलोट:
फरक एवढाच की सियाओ हिम फाकडे बाकीचे गुण इतके होते की दोन गेले तरी परवडले. हे परवडणं सूर्याला कधी मिळालंच नाही.

बोकोबा:
मग आता त्या बॅकफ्लिपचे गुण किती मिळतात?

सुतारपक्षी:
काही नाही. क्वाड किंवा अ‍ॅक्सल अशा उड्यांसारखी ठरलेली किंमतच नाहीये तिला. फक्त आता कापत नाहीत.

बोकोबा:
हे बरंय. एवढी मान मोडायची ती फुकट!

तिरपांगडा:
माझी मोडली तेव्हा पण फुकटच होती.

आजोबा_ऑनलाईन:
@घसरगुंडी, चिबाची क्लिप सापडली तर पोडियमच्या आधीचा भाग बघा, तिचा फ्री स्केट संपतो तिथे. पोडियमचंच तेवढं सगळे बघतात. कार्यक्रम संपल्यावर ती किती खूश होती ते बघा एकदा.

घसरगुंडी:
बघितला आत्ताच. तिला वाटलं होतं की झालं.